दाराबाहेरची दुर्बीण

"अंदर नहीं, मैडम. इसको अंदर नहीं ले जाना."

लडाखमधल्या रुंबक गावातल्या त्या घराचं दार मी अर्धं ढकललं होतं. आतून बुखारीची, म्हणजे तिथल्या शेगडीची, ऊब आली, थुक्प्याचा वास आला, भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेली तांब्या-पितळेची भांडी दिव्याच्या उजेडात चमकली. बर्फातून तीन तास चालून आलेल्या माणसाला अशा वेळी आत शिरण्याखेरीज दुसरं काही सुचत नाही. पाठीमागे उणे चौदा अंश होते. पण आमचे वाटाडे आचो-ले दारात आडवा हात धरून उभे राहिले. आचो म्हणजे थोरला भाऊ, आणि मागचं 'ले' आपल्या 'जी'सारखं. त्यांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्यातली दुर्बीण काढून चौकटीबाहेरच्या खिळ्याला अडकवली. खिळा त्यासाठीच ठोकलेला होता. पट्टा घासून घासून त्याच्याखालचा मातीचा गिलावा गुळगुळीत झाला होता. दुर्बीण रात्रभर तिथेच राहणार होती. हिवाळा संपेपर्यंत ती घरात येतच नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर थांबले.

गार कॅमेरा एकदम उबेत न्यायचा नसतो, हे खरं तर मला आधीच ठाऊक असायला हवं होतं, कारण त्याची किंमत मी एकदा मोजली होती. दहा वर्षांपूर्वीचा जुलै, आंबोली. आम्ही मुंबईहून गाडीने गेलो होतो. गाडीतला एसी वीसवर, आणि कॅमेऱ्याची बॅग माझ्या पायाशी, बरोबर गार हवेच्या झोतात. घाट चढून वर आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, पाऊस नुकता ओसरला होता आणि साचलेल्या पाण्यावर झुकलेल्या एका फांदीवर उडणारा बेडूक बसला होता. मलबार ग्लायडिंग फ्रॉग म्हणतात तो. हिरवागार, बोटांमधल्या पडद्यांवर तांबडा रंग, आणि शेजारच्या पानांवर मादीने घुसळून केलेलं पांढऱ्या फेसाचं घरटं. त्यासाठीच मी गेले होते. बॅग उघडली, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि समोर दुधासारखं पांढरं. पुसलं, तर बोटामागून पुन्हा पांढरं. पदराने पुसलं, रुमालाने पुसलं, वीस मिनिटं पुसतच राहिले. काच स्वच्छ झाली तेव्हा अंधार पडला होता आणि फांदी रिकामी होती.

बेडूक हुकला याचं दुःख एका दिवसाचं. खरं नुकसान पुढे झालं. तीन दिवस त्या ओल्या हवेत फिरवलेला कॅमेरा मी घरी आल्यावर तसाच चेन लावून कपाटात ठेवला. गणपतीत काढला तेव्हा लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला एक म्हातारे कारागीर बसत. त्यांनी लेन्स उजेडाकडे धरली, दिव्याखाली तिरकी केली आणि म्हणाले, "बुरशी आहे, ताई. धागे मी काढीन. पण तिने काचेवरचा थर जिथे खाल्लाय तिथे माझा इलाज नाही." बुरशी आम्ल सोडते, आणि लेन्सच्या काचेवर जो जांभळट-हिरवट झाक देणारा पातळ थर असतो तो त्याने कायमचा कोरला जातो. त्या दिवशी मला आजी आठवली. आंब्याच्या मोहोरावर दहिवर पडू लागलं की ती अंगणात उभी राहून चिंतेने वर बघायची. "आता भुरी धरणार" म्हणायची. दहिवर म्हणजे दव, आणि दवामागून बुरशी. तिच्या कलमांना जे झालं तेच माझ्या लेन्सला झालं होतं.

त्या कारागिरांनी मला एक गोष्ट शिकवली. पैसे घेण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "काच धुरकटली तेव्हा काय केलंत?" पुसली, म्हटलं. "पुसायची नसते. पुसून काय होणार? काच गार आहे तोवर ती पाणी ओढतच राहणार. काच हवेएवढी गरम होऊ द्यायची, पाणी आपलं आपण जातं. घाई केली की पुसण्याने ओरखडे आणि आत ओल, दोन्ही."

फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली की तिला घाम फुटतो. बाटलीतलं पाणी बाहेर आलेलं नसतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ते पाणी खोलीतल्या हवेतलं. गरम हवेच्या पोटात वाफ जास्त मावते, गार हवेच्या पोटात कमी. वीस अंशांच्या एका घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते. शून्य अंशांना पाचाच्या जरा खाली. उणे वीसला जेमतेम एक ग्रॅम. गरम, दमट हवा गार वस्तूला टेकली की तिथल्या तिथे थंड होते आणि जे पोटात मावत नाही ते त्या वस्तूवर टाकून देते. ज्या तापमानाला ही टाकाटाक सुरू होते तो दवबिंदू. जूनमध्ये कोकणात २८ अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर दवबिंदू २५च्या आसपास असतो. म्हणजे एसीत २२ अंशांवर राहिलेला कॅमेरा बाहेर काढला की भिजणारच. तिथे तीनच अंशांचा फरक पुरतो.

आणि रुंबकमध्ये? आतल्या खोलीत बुखारी, किटली, उकळतं पातेलं, श्वास टाकणारी सात-आठ माणसं. वीस अंश आणि निम्मा दमटपणा धरला तरी दवबिंदू नऊ अंशांवर. माझा कॅमेरा उणे चौदावर. पार तेवीस अंशांची दरी. त्यात दोन किलोची काच-धातूची लेन्स. तिला गरम व्हायला तास लागतात, आणि तो सगळा वेळ ती खोलीतली वाफ ओढत राहणार. वर ही वाफ नुसती पुढच्या काचेवर बसत नाही. आत जाते, पाती, पडदे, संपर्काच्या तारा, सगळीकडे. पुढे तोच कॅमेरा पहाटे घाईने बाहेर नेला की ते पाणी आतल्या आत गोठतं.

थंडीने कॅमेरे बिघडतात असं लोक म्हणतात. माझं मत तसं नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत शून्य ते चाळीस अंश लिहिलेलं असतं, पण त्याहून बऱ्याच खाली ते निमूट काम करतात. बॅटरी लवकर दमते आणि मागचा पडदा सुस्तावतो, एवढंच. जीव जातो तो एका हवेतून दुसऱ्या हवेत जाताना, उंबरठ्यावर.

या वेळी कॅमेरा माझा नव्हताच. भाच्याने दिलेला. देताना त्याने तो दोन दिवस स्वतःकडे एका हवाबंद डब्यात ठेवला होता, सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर. "आत्या, मुंबईची हवा लडाखला नेऊ नकोस," तो म्हणाला. मला आधी उमजलं नाही. मग त्याने समजावलं. झूम लेन्स मागे-पुढे केली की भात्यासारखी हवा आत-बाहेर करते; तिच्या नळीत मुंबईची फेब्रुवारीतली हवा बसलेली असते, घनमीटरला सोळा ग्रॅम वाफ असलेली. लेहमध्ये उणे पंधराला त्यातली दीड ग्रॅमच मावणार. उरलेली जाईल कुठे? आतल्या काचेवर, जिथे बोट पोचत नाही. म्हणून आधीच लेन्स कोरडी करायची, कोरड्या डब्यातून थेट कोरड्या थंडीत न्यायची. पावसाळ्यात आपण पापड सादळू नयेत म्हणून जे करतो तेच, फक्त उलट्या टोकाने. (सिलिकाचे निळे दाणे ओल प्यायल्यावर गुलाबी होतात आणि तापवले की पुन्हा निळे. पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाची कढई त्यांना कधीही देऊ नये. मी नारिंगी दाणे वापरते, तेही वेगळ्या भांड्यात तापवून. आणि तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून ठेवण्याचा जो उपाय सांगतात, त्याने लेन्सच्या कड्यांत तांदळाची पूड जाते. तो करू नये.)

लेहमध्ये विमानातून उतरलं की सगळे सांगतात, दोन दिवस काही करायचं नाही. साडेतीन हजार मीटर उंची. झोपा, पाणी प्या, जिने हळू चढा. मी झोपून राहिले. अंगाला या हवेची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो हे तिथे कुणी कुणाला समजावत बसत नाही. पहिल्या रात्री जिना चढून आलेला माणूस पलंगाच्या कडेला धापा टाकत बसतो आणि त्याला समजतं. त्या दोन दिवसांत मी खिडकीशी बसून कॅमेऱ्याच्या पिशव्या तयार केल्या. जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या, ज्यांत अख्खी लेन्स लावलेला कॅमेरा मावेल अशा. तोंड पिळून दोनदा दुमडायचं आणि वर दोन रबरबँड. एक पिशवी फाटली तर म्हणून दुसरी. तिसरी आचो-लेंना पाहिजे होती, त्यांच्या पाहुण्यांसाठी.

लेहहून रस्ता सिंधूच्या काठाने स्पितुकवरून खाली जातो. नदीच्या कडा गोठलेल्या, मधोमध हिरवं पाणी. नंतर नदी सोडून गाडी झिंगचेनच्या अरुंद घळीत शिरते. पुढे गाडी जिथे थांबली तिथून पायी. ओढा वरून पूर्ण गोठलेला आणि खालून वाहणारा. बर्फावर उभं राहिलं की पायाखाली पाण्याची कुजबूज ऐकू यायची. हे सगळं हेमिस राष्ट्रीय उद्यान. १९८१ साली झालेलं, चार हजार चौरस किलोमीटरांहून मोठं. आणि त्याच्या आतच माणसांची गावं. रुंबक त्यातलं एक, चार हजार मीटरच्या आसपास, मोजकी घरं, जवाची रिकामी शेतं, घरांच्या धाब्यांवर रचलेला कडबा आणि शेण्या.

फेब्रुवारीत इथे येणारे बहुतेक जण हिमबिबट्यासाठी येतात. लडाखीत त्याला शान म्हणतात. त्याचा माजाचा काळ असतो, नर-मादी रात्री कड्यांवरून साद घालतात, आणि बर्फामुळे भरल, म्हणजे तिथल्या रानमेंढ्या, खाली उतरतात, त्यांच्या मागोमाग तोही. २०२४च्या जानेवारीत देशातली त्याची पहिली पद्धतशीर गणना जाहीर झाली: ७१८ हिमबिबटे, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. रुंबकमधल्या घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केल्यापासून शानने मारलेल्या मेंढीचा राग थोडा निवला आहे, असं लेहमध्ये मी ऐकलं होतं. थोडाच, हे मला शेवटच्या संध्याकाळी कळलं.

तर पहिल्या रात्री दाराबाहेर. आचो-लेंनी सांगितलं तसं मी केलं. आधी बॅटरी काढली आणि आतल्या खिशात टाकली. बॅटरीला ऊब लागते, आणि तिला वाफेची भीती नाही, पुसून घेतलं की झालं. मग कार्ड काढलं, म्हणजे रात्री फोटो बघायला कॅमेरा उघडायला नको. मग उघड्या थंडीतच कॅमेरा पिशवीत, हवा दाबून काढायची, तोंड पिळायचं, रबर. यात एक साधी खुबी आहे. पिशवीत जी थोडी हवा उरते ती उणे चौदाची, जवळजवळ वाफच नसलेली. ती पुढे खोलीत वीस अंशांपर्यंत तापली तरी कोरडीच राहणार. खोलीतली वाफ येऊन बसेल ती पिशवीच्या बाहेरच्या अंगावर. म्हणजे कॅमेरा आपल्या थंडीची कोरडी हवा बरोबर घेऊन घरात येतो.

पण त्या रात्री तोही आत आला नाही. मला फोटो काढायचे होते ते पहाटे, बाहेरच. मग कशाला उगाच गरम करायचा आणि पुन्हा गार? आचो-लेंच्या घरात दाराला लागून एक बिनचुलीची कोठी होती. जवाचं पीठ, सुकवलेले जर्दाळू, खुंटीला टांगलेलं वाळकं मांस. तिथे पिशवीसकट तो शेल्फावर ठेवला. अंटार्क्टिकात स्कॉटच्या 'टेरा नोव्हा' मोहिमेवर, १९१० ते १३ मध्ये, हर्बर्ट पाँटिंग नावाचा छायाचित्रकार होता. तोही केप इव्हान्सच्या झोपडीत कॅमेरे आत आणायचा नाही. आणले की ते ओलेचिंब व्हायचे, आणि कोरडे व्हायला तासन् तास जायचे. एकदा काम करताना त्याच्या जिभेचं टोक कॅमेऱ्याच्या धातूला लागलं आणि तिथेच चिकटून गोठलं. ओढून काढताना जिभेची साल निघाली. मला पाँटिंगची आठवण झाली ती दुसऱ्या पहाटे, हातमोजा काढून तिपाईच्या दांड्याला हात लावला तेव्हा. त्या दिवसापासून दांड्याला जुन्या लोकरी मोज्याचा तुकडा गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी मी चूक केली. भरलांच्या मागे चढत होतो. मोठी लेन्स पाठीवर होती, कॅमेऱ्याला मधली लेन्स लावलेली, आणि तो गळ्यात उघडा लोंबत होता सकाळपासून. वाऱ्याने बॅटरी मरेल म्हणून मी तो सरळ जाकिटाच्या आत घेतला आणि चेन वर ओढली. चढ उभा होता. मला घाम येत होता. तासाभराने वर पोचलो तर साठ-सत्तर पावलांवर भरलांचा कळप, एक मोठा नर शिंगं वळवून थेट आमच्याकडे बघत. मी कॅमेरा काढला. पुढची काच ओली झाली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत, वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर, ते पाणी काचेवर गोठलं. फर्नच्या पानांसारखी बारीक नक्षी. झूमची कडी घट्ट. दुर्दैव असं की ती नक्षी फार सुंदर होती.

मी कॅमेरा अंगाच्या उबेत घेतला, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी गार काच माझ्या घामाच्या वाफेत कोंडून ठेवली होती. मग हिलरीचं काय? १९५३च्या २९ मे रोजी एव्हरेस्टवर तेनसिंगचा जो फोटो आहे, तो ज्या कोडॅक रेटिना कॅमेऱ्याने काढला तो हिलरीने चढताना शर्टाच्या आतच ठेवला होता. हे मी त्या चढावर बसून आचो-लेंना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "शुरू से अंदर था?" हो, गरमच होता, गरम असतानाच बाहेर आला. ऊब असलेली वस्तू थंड, कोरड्या हवेत आली तर तिच्यावर काही बसत नाही. उलटी वाट धोक्याची. माझा कॅमेरा सकाळपासून गारठून मग आत गेला होता. सकाळी अंथरुणातूनच जाकिटात घेतला असता तर वेगळी गोष्ट.

मला नखाने ते बर्फ खरवडायचा मोह झाला. आचो-लेंनी हात धरला. त्यांनी बॅटरी काढायला लावली, कॅमेरा एका दगडाच्या आडोशाला ठेवला, वारा लागेल पण धूळ उडणार नाही असा. रुंबकमध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे गोठून फळीसारखे होतात आणि तसेच, ठणठणीत गोठलेल्या अवस्थेतच, वाळतात. ती हवा इतकी कोरडी असते की बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. पाऊण तासाने काचेवरची नक्षी कडेने विरत गेली आणि नाहीशी झाली, मागे थेंबाचा डागही नाही. भरल तोवर पलीकडच्या उतारावर गेले होते. पण कॅमेरा जिवंत होता. घाईने तो खाली बुखारीपाशी नेला असता, तर पाणी आतपर्यंत गेलं असतं. ओल धरलेल्या कॅमेऱ्याला चालू करणं आणि आगीजवळ नेणं, या दोन गोष्टी कधीच करू नयेत.

चौथी पहाट. थर्मामीटरवर उणे एकोणीस. कोठीतून मी कॅमेरा काढला, उणे सातवर असलेला. बॅटरी माझ्या स्लीपिंग बॅगमधली, हाताला ऊन लागणारी. आचो-ले आधीच बाहेर गेले होते. खिळा रिकामा दिसला. पाच मिनिटांत त्यांची शीळ आली, एकदाच, हलकी.

ओढ्यापलीकडच्या कड्यावर, जिथे खडक करडा आणि बर्फ करडा, तिथे मला काहीच दिसेना. आचो-लेंनी दुर्बीण हातात दिली. "काला पत्थर, उसके ऊपर, दो हाथ." मग खडकाचा एक तुकडा हलला आणि त्याला शेपूट होती. जाड, लांब, अंगाएवढी, आणि तो ती स्वतःभोवती गुंडाळून, तोंडाशी घेऊन बसला होता, थंडीत माणूस मफलर घेतो तसा. मी किती वेळ बघत राहिले ते आठवत नाही. आचो-लेंनी कोपराने ढोसलं तेव्हा कॅमेऱ्याची आठवण झाली.

आता अडचण श्वासाची. डोळा कॅमेऱ्याला लावला की नाकातली वाफ नेमक्या तिथल्या काचेवर जाते आणि गोठते. पहिल्या दिवसापासून मला तो त्रास होत होता. श्वास रोखावा, तर चार हजार मीटरवर सहा-सात सेकंदांत छाती फुटायला होते, आणि मग एवढा मोठा सुस्कारा निघतो की सगळी काच पांढरी. आचो-लेंनी मला मफलर नाकावरून खाली, हनुवटीशी सैल घ्यायला शिकवलं होतं आणि श्वास खालच्या ओठावरून, छातीकडे सोडायला. तीन फोटो. श्वास. दोन फोटो. तो उठला. पाठीची कमान केली, पुढचे पाय ताणले, आणि कड्याच्या धारेवरून चालत निघाला, अजिबात घाई न करता. तेवढ्यात डोळ्याकडची काच गेलीच. मी मागच्या पडद्यावर बघत राहिले. थंडीने तो पडदा इतका मंद झाला होता की बिबट्या एका जागी दिसायचा आणि असायचा पुढच्या जागी, आपल्याच सावलीमागे चालल्यासारखा. मग तो धारेपलीकडे उतरला. एकूण अकरा फोटो. आचो-लेंनी दुर्बीण खाली घेतली आणि एवढंच म्हणाले, "जुले." लडाखीत नमस्कारही तोच आणि निरोपही. त्याला होता, की मला, कळलं नाही.

उरलेला दिवस आम्ही त्या कड्याच्या खाली घालवला, पण तो पुन्हा दिसला नाही. दुपारी चारला परत. दाराबाहेर आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. बॅटरी, पिशवी, पीळ, रबर, पुन्हा रबर. बोटं बधिर होती. दुर्बीण खिळ्यावर गेली. आज कॅमेरा आत न्यायचा होता, कारण उद्या सकाळी आम्ही लेहला उतरणार होतो. आत गेल्या गेल्या आचो-लेंनी आईला बातमी सांगितली. आमा-ले बुखारीपाशी बसून लोकर कातत होत्या. पंचाहत्तरीच्या असतील. त्यांनी तकली थांबवली आणि माझ्याकडे हात पसरला. दाखव.

तेव्हा ध्यानात आलं की कार्ड मी काढलंच नाही. ते कॅमेऱ्यात, कॅमेरा पिशवीत, आणि पिशवी उणे बाराची. मी आचो-लेंकडे बघितलं. त्यांनी आईला लडाखीत काहीतरी सांगितलं, बराच वेळ, हाताने दाराबाहेरच्या खिळ्याची खूण करून. आमा-लेंनी मान डोलावली आणि पुन्हा तकली फिरवली. त्यांना ते नवीन नव्हतं. वाट किती बघायची एवढंच त्यांनी विचारलं. तीन तास.

पिशवी बुखारीपासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात, जमिनीवर, एका घडी केलेल्या घोंगडीवर ठेवली. पहिल्या पाच मिनिटांत तिच्यावर पांढरं बर्फ धरलं. अगदी फ्रिजच्या जुन्या खणात धरतं तसं. खोलीतली सगळी वाफ, उकळणारा चहा, थुक्प्याचं पातेलं, आमचे श्वास, तिथे जाऊन बसत होती. पिशवीच्या आतून मात्र लेन्सची काळी काच स्वच्छ दिसत होती. मी दर थोड्या वेळाने जाऊन बघत होते, आजारी मुलाच्या कपाळाला हात लावावा तशी. तासाभराने बर्फ वितळून थेंब झाले, ओघळले, घोंगडीवर ओला गोल उमटला. गुर-गुर चहाचे चार-पाच पेले झाले; खारट, लोण्याचा, पहिल्या दिवशी मला जड गेलेला आणि आता हवाहवासा. आमा-लेंची नात शाळेचा गृहपाठ करत होती. तिला मी सांगितलं, पिशवीवर थेंब आहेत तोवर हात लावायचा नाही. कोरडी झाली की सांग. ती दर दहा मिनिटांनी उठून बघे आणि मान हलवी. अजून नाही. साडेसात वाजता तिने हाताच्या मागच्या बाजूने पिशवीला स्पर्श केला, मग आपल्या गालाला, आणि म्हणाली, सारखंच.

रबर काढलं. कॅमेरा कोरडा होता, काच कोरडी, पडदा कोरडा. बॅटरी घातली. आमा-लेंनी चष्मा शोधून लावला आणि मी त्यांच्या शेजारी, खाली बसले.

पहिले फोटो त्यांनी भरभर बघितले. मला वाटलं, त्यांना त्याचं काय अप्रूप. मग ज्यात तो धारेवर उभा आहे, तिथे त्या थांबल्या. फोटोतल्या बिबट्यावर नव्हे, त्याच्या पायाखालच्या काळ्या दगडावर त्यांनी बोट ठेवलं. मोठा कर, म्हणाल्या. मी केला. दगडाला मधोमध पांढरी चीर होती. त्यांनी मुलाला काहीतरी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. आचो-लेंनी मला सांगितलं ते असं, की या दगडाच्या सरळ खाली, उतरत्या वाटेने शंभरेक पावलांवर, त्यांचा जुना मेंढवाडा आहे. तीन वर्षांपूर्वी शान वरून त्यात उतरला आणि एका रात्रीत नऊ मेंढ्या मारल्या. आता वरून तारेची जाळी टाकली आहे. पण परवाच्या बर्फाने जाळीचा एक कोपरा खाली दबला होता, तो कुणी उचलून बांधला का?

कुणी बांधला नव्हता. आचो-ले उठले, पण आमा-ले त्यांच्याआधी उभ्या होत्या. त्यांनी कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला, अंगातला गोंचा सावरला, कोपऱ्यातून सुतळीचं भेंडोळं घेतलं. दार उघडलं. बाहेरची थंड हवा आणि खोलीतली ओली ऊब चौकटीत एकमेकींना भिडल्या, आणि तिथे क्षणभर माणूसभर उंचीचं पांढरं धुकं उभं राहिलं. त्यातून आमा-ले बाहेर गेल्या. मागून आचो-ले गेले, खिळ्यावरची दुर्बीण गळ्यात घालून.